अर्ध्या बोटाचं अंतर

"हनुवटी खाली, हात वर. आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, छातीकडे बघायचं. तोंड खोटं बोलतं रे, छातीला खोटं बोलता येत नाही."

सतरा वर्षांपूर्वी मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा त्यानं मान डोलावली होती आणि त्यातलं अक्षरही पाळलं नव्हतं. पाळायची गरजच पडली नव्हती. हात वर घेतात ते भित्रे, असं त्याचं साधं सरळ मत होतं, आणि पुढची तेरा वर्षं त्या मताला धक्का लावणारा माणूस रिंगमध्ये उतरला नाही. ते वाक्य आज सकाळी एकाएकी कानात वाजलं, आणि तेही कुठे, तर बेडरूमच्या दारात, अंगात नुसतं बनियन असताना, नाकावर मोज्यांचा गोळा बसल्यावर. बायको वाळलेल्या कपड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन घड्या घालत बसली होती. त्यानं मोजे मागितले. तिनं जोडी गुंडाळली, "घ्या" म्हणाली आणि न बघताच फेकली. गोळा सरळ येऊन नाकावर बसला, छातीवरून घरंगळला आणि पायाशी पडला. "अगंबाई," बायको म्हणाली आणि हसली. मुलगी दप्तर भरता भरता थांबली. "आई जिंकली," तिनं जाहीर केलं. "बाबा पडले नाहीत, पण आई जिंकली." बायको म्हणाली, "चष्मा लागला वाटतं बॉक्सरसाहेबांना." तोही हसला, कारण न हसणं जास्त दिसलं असतं. मग वाकून मोजे उचलले आणि पलंगाच्या कडेला बसून पायांत चढवायला लागला. डावा मोजा उजव्या पायात गेला तर काही बिघडत नाही, पण त्यानं तो काढून पुन्हा घातला.

चष्म्याचं काही नव्हतं. दिसलं होतं. सगळं दिसलं होतं. तिच्या मनगटाची उसळी, गोळ्यातून लोंबणारं एक टोक, गोळा हवेत असताना त्याची स्वतःभोवती अर्धी फेरी, सगळं स्वच्छ, काचेतून बघावं तसं. हातानं वर यायचं, एवढंच बाकी होतं. हात आला. मोजे खाली पडल्यावर आला, आणि रिकाम्या हवेत, बोटं उघडून, बस थांबवायला उभ्या राहिलेल्या माणसासारखा तिथंच क्षणभर राहिला. बायकोला ते दिसलं नाही. त्याला दिसलं. न्हाणीघरात जाऊन त्यानं दाराला कडी घातली आणि आरशासमोर उभं राहून डोकं मागे घेऊन पाहिलं. एकदा, दोनदा, दहादा. आरशातला माणूस बरोबर त्याच्याच वेळी मागे जात होता. आरसा काय, तो सगळ्यांचाच लाळघोट्या. त्याच्यावर भरवसा ठेवून कुणी रिंगमध्ये उतरत नाही.

अर्धं बोट. त्याची सगळी कीर्ती अर्ध्या बोटाची होती. ठोसा यायचा आणि तो मान अर्धं बोट मागे घ्यायचा. एक बोट नाही, दोन नाहीत. अर्धं. ग्लोव्हचा वारा ओठाला लागायचा, चामड्याचा आणि दुसऱ्याच्या घामाचा वास नाकात शिरायचा, आणि ठोसा तिथं, ओठापाशी, संपायचा. हात तेव्हा कमरेशी, ढुंगणावर ठेवल्यासारखे. त्याहून जास्त मागे जाणं म्हणजे समोरच्याला मान देणं, आणि मान द्यावा असा त्याला कुणी भेटलाच नव्हता. प्रेक्षक हसायचे. समोरचा आधी रागवायचा, मग गोंधळायचा, मग दमायचा, आणि मग हा एकच उजवा हात असा काही घालायचा की लोकांना तो निघालेला दिसायचाच नाही, पोचलेला दिसायचा. वर्तमानपत्रवाले याला शैली म्हणत. शैली कसली. तुच्छता होती ती, निव्वळ, आणि तिला चांगले पाय होते, चांगले डोळे होते, म्हणून ती शोभत होती. मास्तर मात्र दर लढतीनंतर त्याच्या हातांच्या पट्ट्या सोडताना तेच म्हणायचे. हात वर. तो म्हणायचा, मास्तर, जिंकलो ना? ते म्हणायचे, जिंकलास रे बाबा, जिंकलास. आणि पट्टीची गुंडाळी करत बसायचे, म्हाताऱ्या बाईनं लोकर गुंडाळावी तशी.

चार वर्षांपूर्वी त्यानं खेळ सोडला. का सोडला, असं विचारलं की तो म्हणायचा, आता मारू कुणाला? हे उत्तर लोकांना फार आवडलं. ते छापून आलं, सत्कारांत दोन-दोनदा म्हणून घेतलं गेलं, आणि म्हणता म्हणता त्यालाही खरं वाटायला लागलं. खरं इतकंच होतं की शेवटच्या लढतीत उजव्या हाताचं, करंगळीखालचं हाड मोडलं होतं. हाड तीन महिन्यांत जुळलं. उरलेली पावणेचार वर्षं जुळलेल्या हाडाची होती. पहाटे पाचला उठायचं नाही, ही गोष्ट इतकी गोड असते हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं. खेळाडू म्हणून मिळालेली नोकरी होती, विमा कंपनीत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशेजारी. टेबलावर स्टेपलर, शिक्के, आणि मागच्या भिंतीवर त्याचाच फोटो, पट्टा कमरेला, हात खाली. रोज सकाळी हेडक्लार्क टेबलाजवळून जाताना हवेत एक बुक्की मारायचा आणि तोंडानं "धिश्श" करायचा. चार वर्षं, रोज. पहिल्या दिवशी त्याला वाटलं होतं, हा माणूस विनोदी आहे. आता वाटायचं, देवानं याला मेंदूच्या जागी तीच एक बुक्की दिली आहे.

परत यायचं ठरलं तेही तुच्छतेनंच. ऑफिसातल्या टीव्हीवर नवा चॅम्पियन लढत होता. दोन्ही हात गालांशी, कोपरं बरगड्यांशी, दार आतून लावून घेतलेल्या माणसासारखा. मधूनच दार किलकिलं करायचा, एक जॅब, पुढच्या हाताचा झटपट ठोसा, बाहेर टाकायचा, पुन्हा कडी. असं करत करत बारा राउंड, आणि गुणांवर जिंकला. "हा?" तो म्हणाला होता. "ह्याला चॅम्पियन म्हणतात? माझ्या वेळी असल्याला आम्ही घामाचे टॉवेल धरायला ठेवला असता." समोर सहा जण होते. सहांतल्या एकाचा मेहुणा वर्तमानपत्रात होता. आठवड्याभरात आयोजक घरी आले, पलंगवजा सोफ्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, लोकांना हेच बघायचंय. येत्या शुक्रवारी अकरा वाजता, वर्तमानपत्रवाल्यांसमोर, कागदावर सही व्हायची होती. त्यानंतर पाच आठवड्यांनी लढत. जाहिरातीच्या फलकाचा नमुना येऊन पडला होता. एका बाजूला दार लावून बसलेला तो नवा चॅम्पियन, दुसऱ्या बाजूला हा, हात खाली, चार वर्षांपूर्वीचा.

गेले दोन महिने तो पुन्हा मास्तरांच्या हॉलमध्ये जात होता, आणि सगळं झकास चाललं होतं. मोज्यांपर्यंत. दम आधी गेला होता, तो परतलाही आधी. पहिल्या आठवड्यात दोरीवरच्या शंभर उड्यांत तोंडाला फेस आला होता, आता तो बोलत बोलत उड्या मारायचा. पोट आत गेलं होतं. बोटांच्या गाठींवरची कातडी आधी सोलली, मग पुन्हा जाड झाली. आणि जोर तर कुठे गेलाच नव्हता. टांगलेल्या बॅगेवर उजवा हात घातला की छताची कडी करकरायची आणि हॉलमधले बाकीचे आपापलं काम थांबवून बघायचे. जोर हा घरातल्या जुन्या पितळी भांड्यासारखा असतो, वापरला नाही तरी तसाच पडून राहतो. बॅगेवर तो जुनाच होता. आणि पोत्यावरही.

पोतं म्हणजे माणूस. हे नाव त्यानंच ठेवलेलं. अकरा वर्षं सरावात त्याच्यासमोर उभा राहून ज्यानं मार खाल्ला तो, धंद्यानं रंगारी, भिंती रंगवणारा. संध्याकाळी यायचा तो कानाच्या पाळीवर, भुवईत, नखांत चुन्याचे नाहीतर निळ्या-पिवळ्या रंगाचे ठिपके घेऊनच. वयानं दोन वर्षांनी मोठा असून ह्याला "दादा" म्हणायचा. त्यानं स्वतःच्या नावावर दहा-बारा किरकोळ लढती दिल्या होत्या, निम्म्या जिंकल्या होत्या, निम्म्या हरल्या होत्या, आणि दोन्हींनंतर दुसऱ्या दिवशी तसाच हॉलवर आला होता. नाक दोनदा मोडलं होतं, दोन्ही वेळा ह्याच्याच हातानं. दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा पोतं म्हणालं होतं, "बरं झालं दादा, सरळ झालं." सगळा हॉल हसला होता. हाही हसला होता, आणि मनात म्हणाला होता, काही माणसं मार खायलाच जन्माला येतात, त्यांच्याबद्दल वाईट वाटून घेणं म्हणजे पायपुसण्याबद्दल वाईट वाटून घेणं.

मोज्यांच्या त्या दिवशी संध्याकाळी तीन राउंड झाले. नेहमीसारखेच, छान. मास्तर दोरीबाहेर खुर्चीवर बसून गुडघा चोळत होते. "आला," ते म्हणाले. "हात आला परत." बाकीच्यांनी माना हलवल्या. पण आज तो पोत्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. सकाळपासून ते वाक्य डोक्यात बसलं होतं, म्हणून असेल, तो पोत्याच्या छातीकडे बघत होता, आणि दुसऱ्या राउंडमध्ये त्याला ते दिसलं. त्याचा स्वतःचा खांदा पडला, उजवा हात निघाला, आणि पोत्याची छाती हलली. मागे नाही. बाजूलाही नाही. ती थांबली. एक क्षण, रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यासाठी गाडीवाल्यानं थांबावं तशी थांबली, पोत्यानं हात येऊ दिला, आणि हात अगदी जवळ आल्यावर तोंड थोडं पुढे करून त्याच्याखाली ठेवलं. धप्प. मास्तर म्हणाले, वा. त्यानं पुन्हा तोच हात टाकला. पुन्हा छाती थांबली. पोत्याचे जॅबही तसेच. निघायचे नीट, आणि ओठापासून अर्ध्या बोटावर येऊन संपायचे. हा मान मागे घेवो न घेवो, ते तिथंच संपायचे. त्यानं मुद्दाम एकदा मान हलवलीच नाही. ठोसा आला आणि अर्ध्या बोटावर संपला. चामड्याचा वास नाकात शिरला. वासही तोच, जुना. गेले दोन महिने तो या वासावर जगत होता.

कपडे बदलायच्या खोलीत बाकं होती, खिळे होते आणि ओल्या टॉवेलांचा आंबूस वास होता. बाकीचे जाईपर्यंत तो बुटाच्या नाड्यांशी खेळत राहिला. पोतं भिंतीकडे तोंड करून शर्टाची बटणं लावत होतं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"काय दादा?"

"तोंड पुढे करतोस ते."

पोत्यानं एक बटण लावलं, मग दुसरं. "मास्तरांनी सांगितलंय," ते म्हणालं. "सगळ्यांनाच. म्हणाले, हळू घ्या. त्याला त्याची चाल सापडू दे."

"आणि सापडली?"

पोत्यानं तिसरं बटण लावलं. 

"विचारतोय मी. सापडली का?"

"जोर आहे ना दादा. जोर तर विचारायलाच नको."

"जोर हमालाकडे पण असतो."

"असतो," पोतं म्हणालं. मग वळून, बाकावर बसून, आपल्या रंग लागलेल्या नखांकडे बघत म्हणालं, "दिसतं तुम्हाला. येणारं सगळं दिसतं, ते मला कळतं डोळ्यांवरून. पण तुम्ही जेव्हा हलता ना, तेव्हा ते येऊन गेलेलं असतं. मी रोज बघतो."

"तू बघतोस." तो हसला. "तू. तू मला सांगणार."

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"अकरा वर्षं माझ्या हातचं खाऊन खाऊन मास्तर झालास की."

"झालो असेन," पोतं म्हणालं, आणि त्यात राग नव्हता, हेच जास्त झोंबलं. "तो नवा आहे ना, तो अर्ध्या बोटावर थांबणारा नाही, दादा. तो दार उघडेल, मारेल आणि बंद करेल. बारा राउंड. तुम्ही हात खाली ठेवून उभे राहणार, आणि मला कोपऱ्यातून ते बघावं लागणार."

"नको बघूस."

"नाही बघवणार, हेच म्हणतोय." पोतं उठलं. "उद्या या. मी काम लवकर टाकून येतो, दुपारी हॉल रिकामा असतो. दहा जॅब मारतो तुम्हाला. खरे. पाच लागले तर त्या कागदावर सही करायची नाही. शब्द द्या."

"आणि पाच नाही लागले तर?"

"तर मी बादली घेऊन तुमच्या कोपऱ्यात उभा राहीन, आणि तोंड उघडणार नाही."

"ते तू एरवीही उघडत नाहीस," तो म्हणाला. "दिला शब्द. ये."

घरी येताना रस्ताभर त्याला पोत्याचा राग आला नाही, आश्चर्य वाटलं. खुर्चीनं उठून आपल्याला बसायला सांगावं तसं. मग राग आला, पण तो मास्तरांचा. सगळ्या हॉलनं मिळून त्याच्यासाठी घड्याळ मागे ठेवलं होतं. आजारी माणसाच्या खोलीत सगळे हळू चालतात तसे ते सगळे दोन महिने हळू मारत होते, आणि हा आत झोपून समजत होता की घर शांत आहे. आणि त्याहून वाईट विचार मग आला, जिन्यात, दुसऱ्या वळणावर. हे कधीपासून? पोत्यानं "मास्तरांनी सांगितलंय" म्हटलं, म्हणजे आत्ताचं. पण जो माणूस इतक्या सफाईनं तोंड पुढे करतो, तो ते दोन महिन्यांत शिकलेला नसतो. त्या अकरा वर्षांतले किती ठोसे ह्याचे होते आणि किती पोत्याचे? नाक तर खरंच मोडलं होतं, दोनदा, त्याचा आवाज अजून त्याच्या गाठींत होता. पण बाकीचे? त्यानं जिन्याच्या कठड्याला धरलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला होता. पोतं दिवसभर शिडीवर हात वर करून भिंती रंगवत होतं आणि संध्याकाळी येऊन हात वर करून उभं राहत होतं, चार वर्षं, हा झोपला होता तेव्हाही, एक दिवस खाडा न करता. त्याला कुणी फलकावर छापलं नव्हतं. रोजचं काम रोज करणारा माणूस त्याला नेहमीच मूर्ख वाटत आला होता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी हॉल रिकामा होता. वरच्या खिडक्यांतून उन्हाचे चौकोन रिंगवर पडले होते आणि त्यांत धूळ तरंगत होती. पोत्याच्या कानाला आज फिकट हिरवा रंग होता. दोघांनी एकमेकांचे ग्लोव्ह बांधले, पोत्यानं त्याचे, मग त्यानं पोत्याचे, आणि पोत्याची नाडी बांधताना त्याच्या लक्षात आलं की अकरा वर्षांत हे आपण पहिल्यांदाच करतोय, आणि गाठ सैल बसली.

"घट्ट करा," पोतं म्हणालं.

त्यानं घट्ट केली. मग मधोमध जाऊन उभा राहिला, हात खाली सोडून. पोत्यानं एकदा मान वाकवली, हात गालांशी घेतले, आणि पहिला जॅब आला. त्यानं मान मागे घेतली आणि ठोसा संपला. अर्धं बोट. वारा ओठाला लागला. तो हसला. "एक गेला," तो म्हणाला. दुसरा कपाळावर लागला. जोरात नाही. पोत्यानं तो कातडीवर आणून थांबवला, शिक्का मारून उचलावा तसा. तिसरा गालावर, तसाच. दिसले होते दोन्ही. पोत्याची छाती उजवीकडे किंचित वळलेली दिसली, खांदा सुटलेला दिसला, ग्लोव्हवरची शिवण दिसली, आणि दिसून झाल्यावर, नीट पाहून झाल्यावर, कपाळाला थंडगार चामडं लागलं. मग मान मागे गेली. चौथ्याला हात आपोआप वर आला. ग्लोव्हवर ग्लोव्ह आपटला आणि तो दचकला, कारण हात आपण आणला नव्हता, भीतीनं आणला होता. तेरा वर्षांत पहिल्यांदा. पाचवा नाकावर. सहावा पुन्हा नाकावर, त्याच जागी, जणू पोत्यानं भिंतीवरचा एक राहिलेला ठिपका पुसला. सातवा हनुवटीवर. त्याचे डोळे भरून आले, नाकावर लागलं की येतात तसे, आणि त्या पाण्यातून उन्हाचे चौकोन लांबोडके झाले. आठवा मान बाजूला गेल्यामुळे कानाजवळून निघून गेला. ते नशीब होतं, चलाखी नव्हती. नववा, दहावा. गालावर आणि कपाळावर. मग पोतं मागे झालं आणि त्यानं हात खाली घेतले.

सात. मोजता येण्याइतका तो शाळेत गेला होता. सात लागले होते, तीन चुकले होते. 

पोतं दातांनी ग्लोव्हची नाडी ओढत होतं. त्यानं ह्याच्याकडे पाहिलं, ह्याच्या तोंडाकडे, थोडं जास्तच वेळ. मग नजर खाली घेतली.

"चार," पोतं म्हणालं.

"काय?"

"चारच लागले. बाकीचे ग्लोव्हला लागले नाहीतर वाया गेले. मी मोजत होतो ना." नाडी सुटली. "तुम्ही जिंकलात, दादा. करा सही."

आणि तो म्हणाला, "बरं."

एवढंच म्हणाला. बरं. तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा इतका हलका निघाला, इतका सुखाचा, की त्यामागोमाग श्वासही निघाला, मोठा, सगळी छाती रिकामी करणारा. पोत्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. हा तिथंच उभा राहिला. मग घरी आला. भूक लागली होती, चांगली दोन वेळची, तो जेवला. मुलीला गणितं घालून दिली. बायको म्हणाली, "नाक का लाल?" तो म्हणाला, "सराव." तिनं उद्यासाठी पांढरा शर्ट काढून इस्त्री केला, फोटो निघणार म्हणून. तिच्या इस्त्रीची वाफ, गरम कापडाचा वास, आणि ती बोलत होती, आयोजकांची बायको कशी आहे, फोटोत बायकांना घेतात का. तो हो हो म्हणत होता. आणि मग, काहीही कारण नसताना, इस्त्री शर्टाच्या खांद्यावरून कॉलरकडे सरकली तेव्हा, त्याला त्याचं ते "बरं" ऐकू आलं. दुसऱ्या कुणाचं ऐकावं तसं.

हेडक्लार्कही असंच म्हणतो. साहेब म्हणाले, तुमचं काम उत्तम आहे, की हेडक्लार्क म्हणतो, बरं. आयुष्यभर त्यानं ज्यांच्याकडे पाहून नाक मुरडलं त्या सगळ्यांचा तो शब्द होता. दार लावून बसणारे, दाराआडून जॅब टाकणारे, गुणांवर जिंकणारे, सगळ्यांचा. निदान त्यांचे गुण कुणी कागदावर लिहून तरी दिलेले असत. ह्याला ते एका रंगाऱ्यानं तोंडी दिले होते, हातावर ठेवावेत तसे, आणि ह्यानं हात पुढे केला होता. आता पोतं बादली घेऊन कोपऱ्यात उभं राहील, शब्द दिल्याप्रमाणे तोंड उघडणार नाही, आणि प्रत्येक राउंड संपला की स्पंज पिळून ह्याच्या तोंडावर फिरवेल, नाकावर, कपाळावर, गालावर. त्याला सगळ्या जागा माहीत आहेत. त्यानंच मोजल्या आहेत. त्याच्या चारमध्ये आणि ह्याच्या सातमध्ये जे तीन होते ते त्यानं पुन्हा एकदा तोंड पुढे करून झेलले होते, आणि ह्या खेपेला नाक ह्याचं होतं. त्याला वाटलं, आपण एवढे कमी झालो की आपल्याला पोत्यानं भीक घालावी. मग वाटलं, भीक घालणाऱ्यात काही तरी असावं लागतं. हा दुसरा विचार त्याला पहिल्यापेक्षा जास्त आवडला नाही. त्यानं तो झटकला. तो गेला नाही.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तो पांढरा शर्ट घालून तयार होता. बायको मुलीची वेणी घालत होती, तोंडात रबर धरून. रबर काढून म्हणाली, "इतक्यात? अकराला आहे ना?"

"फोटोवाले यायच्या आधी गाठतो आयोजकांना."

"मास्तर येणार होते इथं. तुम्ही दोघं बरोबर जाणार होतात."

"आले तर चहा दे. सांग, मी एकटा गेलो."

"सही एकट्यानं करतात होय?"

"सही करायची नाहीये," तो म्हणाला. बायकोचा हात वेणीत थांबला. मुलगी म्हणाली, "आई, ओढतेयस." तो बूट घालायला खाली बसला. बुटात पाय घालता घालता तोच पुन्हा म्हणाला, "शब्द दिलाय एकाला."

"कुणाला?"

"आहे एक. रंगारी." त्यानं नाडी ओढली. "दहापर्यंत मोजता येत नाही त्याला. त्याला येत नाही म्हणून मलाही येत नाही असं थोडंच आहे."

बायकोला यातलं काही कळलं नाही, पण तिनं वेणीचे पेड पुन्हा हातात घेतले आणि म्हणाली, "सावकाश जा." त्यानं आयोजकांनी पाठवलेला कागद घडी करून खिशात घातला, सही न केलेला, सहीची रिकामी जागा वरच्या बाजूला येईल असा, आणि दार हळूच ओढून घेतलं. जिन्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले, पिशवी घेऊन वर येणारे. "काय चॅम्पियन, आज ना?" ते म्हणाले. "हो, आज," तो म्हणाला, भिंतीला अंग चोरून त्यांना वाट दिली, आणि खाली उतरायला लागला.